भट्टीमागची खोली

राणीला चालायला कुणी शिकवलं नाही. मेंढरं पुढं निघाली की आपण मागं राहायचं नाही, एवढं तिला कळलं आणि ती चालू लागली. आटपाडीच्या पलीकडं, जिथं पावसाळ्यातसुद्धा ढग नुसते वरून जातात, तिथल्या धनगरवस्तीवर ती धोंडुबाईच्या पोटी जन्मली. दिवाळी सरली की त्यांचा कळप कृष्णाकाठाला निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्यांची पाटी, मागं कुत्री. लहान पोरांनाही घोड्यावरच बांधायचे, पण राणी घोड्यावर रडून आकांत करायची. मग तिचा थोरला भाऊ अर्जुना तिला खांद्यावर घ्यायचा. दादाचे केस मुठीत धरून पोरीनं निम्मा सातारा जिल्हा बघितला, असं धोंडुबाई हसून सांगायची.

राणी शाळेत जायला लागली त्या सुमारास, एका पावसाळी सकाळी रस्ता ओलांडताना ट्रक कळपात घुसला. निम्मी मेंढरं गेली आणि त्यांच्याबरोबर बापही गेला. उरलेली मेंढरं विकून अर्जुना कामाला लागला. पलूसला द्राक्षबागेत औषधं मारली, मग शिरवळला जाऊन एका कारखान्यात हमाली केली, दुसऱ्यात यंत्रावर उभा राहिला. घरात पैसा आला तो त्याच्या हातचा. राणीला दहावीपर्यंत शिकवलं त्यानं, तिच्यासाठी अमृतसारखा शांत, निर्व्यसनी ड्रायव्हर शोधला त्यानं, आणि पाठवणीच्या वेळी मांडवामागं जाऊन रडलाही तोच. दादानं सांगितलं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचं असतं, हे राणीला कधी सुचलंच नाही.

अमृत पुण्यात एका कंपनीची बस चालवायचा. टाळेबंदीत बस उभी राहिली, ती उभीच राहिली. दोघं गावाकडं आली. तेव्हा अर्जुनाचा फोन आला. तो आता शिरवळच्या पुढं, हायवे सोडून आत असलेल्या एका कारखान्यावर सुपरवायझर होता. जुने टायर मोठ्या पिंपात तापवायचे आणि त्यातून काळं तेल काढायचं, असं ते काम. सगळे त्याला भट्टीच म्हणायचे.

"या इकडं," तो म्हणाला. "टेम्पोवर ड्रायव्हर पायजेच हाय. ऱ्हायला खोली हाय. राणी आणि सोनिया दोघी मिळून मेस बघतील. घरच्या घरी हुतंय समदं."

सोनिया अर्जुनाची बायको, पलूसची. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. राणी गेली ती मोठ्या हौसेनं. भाऊ, वहिनी, नवरा, सगळेच एका ओळीतल्या पत्र्याच्या खोल्यांत. खोल्यांच्या पुढं भट्टी आणि भट्टीपुढं टायरांचे ढीग. सगळ्यात कडेची खोली राणीची. वारं फिरलं की धूर आधी तिच्या दारात यायचा. दोरीवर वाळत घातलेलं पातळ काढताना त्याच्यावर काजळीची बोटं उमटायची. पिंप उघडायच्या दिवशी तर घशात रबर अडकल्यासारखं व्हायचं आणि भाताला वास लागायचा.

थोड्याच दिवसांत सोनिया पलूसला गेली. "तिच्या आयला बरं न्हाई," अर्जुना म्हणाला. "आता बाळंतपण उरकूनच यील." मेसचं सगळं राणीवर आलं. तिची तक्रार नव्हती. भट्टीवरचे गडी जेवताना "ताई, भाकरी लय भारी" म्हणायचे, आणि दादा त्यांच्याकडं अशा तोऱ्यानं बघायचा, जणू त्यानंच भाकरी थापल्या आहेत.

मग राणीलाही दिवस गेले. पहिल्या महिन्यांत तिला धुराचा वास इतका नकोसा झाला, की ती तोंडाला पदर बांधून पीठ मळायची. एकदा तिनं अर्जुनाला विचारलंच.

"दादा, ह्यो धूर पोटातल्याला बाधंल का रं?"

अर्जुना ताटावरून मान वर न करता हसला. "आगं, चुलीच्या धुरातच वाढलो की आपण. आय तर शेकोटीशेजारी बाळंत झाली तुझ्या टायमाला. तुला काय धाड भरली?"

"मी जाऊ का वस्तीवर? आयकडं?"

"जा की, सातव्यात जाच. आत्तापासनं जाऊन काय करशील? आन् मेस कोण बघंल?"

तिला ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काय होतं?

सहावा लागला असेल. दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती आणि अर्जुना धावतच स्वयंपाकाच्या शेडमध्ये आला. "राणे, ऊठ. आत हो. कामगार खात्याची माणसं आल्यात. ह्या खोल्या कागदावर न्हाईत. बाईमाणूस ऱ्हातंय म्हणून कळलं तर माझं, अमृतचं, समद्यांचं काम जाईल. आत बस आन् आवाज करू नगंस." शेडच्या मागं पिठाची पोती ठेवायची एक अंधारी खोली होती. राणी पोत्यांच्या मागं बसली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई बोलत होती, शहरी, हसऱ्या आवाजात. "इथं कुणी महिला राहतात का? गरोदर वगैरे?" आणि दादाचा आवाज आला, "न्हाई मॅडम. समदे गडीच हायत हितं." तेवढ्यात बाळानं पोटात अशी जोराची लाथ मारली की राणीच्या तोंडातून आवाज निसटणारच होता. तिनं पदराचा बोळा दातांत धरला. गाडी गेल्यावर अर्जुनानं दार उघडलं तेव्हा ती घामानं चिंब झाली होती आणि हसत होती. आपण दादाची नोकरी वाचवली, याचा तिला कितीतरी दिवस अभिमान वाटत राहिला.

सातव्यात जायचं राहूनच गेलं. मेसला दुसरी बाई मिळेना. शेवटी दिवस भरायच्या आधीच पोटात कळा सुरू झाल्या आणि अमृतनं तिला टेम्पोतूनच साताऱ्याला नेलं. मुलगी झाली, अंगानं लहान, पण रडणारी. धोंडुबाईनं चिंचलीच्या मायाक्काला नवस केला होता म्हणून नाव ठेवलं माया.

माया दिसायला देखणी होती. मोठे डोळे, कुरळं जावळ. पण ते डोळे कुणाच्या तोंडावर ठरायचे नाहीत. दूध पिताना ती आईकडं बघायची नाही, पत्र्याकडं बघायची. भांडं पडलं तर श्वास कोंडेपर्यंत रडायची आणि हाक मारली तर ढिम्म. झोप तर तिला माहीतच नव्हती. चालायला लागली तशी थांबेना, भिंतीला हात लावून इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि कुणी अडवलं की स्वतःच्याच मनगटाला चावायची. सोनियाचा राजवर्धन तिच्याहून थोडाच मोठा. तो गाडी आली, काऊ उडाला, आत्या आली, सगळं सांगायचा. मायाच्या तोंडून एक शब्द येत नव्हता.

आता कारणं शोधायला काय, सगळेच तयार असतात. सासूनं सांगितलं, गरोदरपणी हिनं ग्रहण बघितलं. शेजारणीनं सांगितलं, आईच घुमी, पोर कुठून बोलणार. आणि एकदा सगळे जेवायला बसलेले असताना अर्जुना म्हणाला, "मोबाईल, दुसरं काय. पोटात हुती तवापासनं ही मोबाईल बघायची." तो रागानं नव्हता बोलला. भातावर आमटी ओतत, सहज बोलला. पण राणीच्या काळजात ते रुतलं. तिनं मोबाईल ट्रंकेत टाकून दिला. त्या दिवसापासून माया चावली, आपटली, ओरडली, की राणी मनातल्या मनात म्हणायची, हे माझं केलेलं आहे.

अर्जुनानं त्यानंतर दोघींना स्वतःच्या गाडीनं चिंचलीला नेलं. देवीपुढं मायाला कडेवर घेऊन रांगेत उभा राहिला, तिनं तोंडावर ओरबाडलं तरी खाली ठेवलं नाही. राणीला भरून आलं. असा भाऊ कुणाला आहे, असं तिला तेव्हा वाटलं.

मायाच्या काळजीनं अमृतनं शिरवळ गावात एक खोली घेतली आणि राणीनं मेस सोडली. तिथल्या अंगणवाडीच्या बाईंनी मायाला बघितलं आणि वाईच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या डॉक्टर होत्या, क्षमा मॅडम, मूळच्या वाईच्याच. राणी मायाला घेऊन एस.टी.नं खंबाटकीचा घाट चढून वाईला गेली. बसमध्ये माया सगळा वेळ खिडकीच्या गजावर कपाळ घासत होती.

क्षमा मॅडमनी घाई केली नाही. आधी जमिनीवर बसल्या, मायासमोर डबे रचले, पाडले, परत रचले. मग राणीशी बोलू लागल्या. बाळंतपण कुठं, वजन किती, घरात आणखी कुणाला असं आहे का. आणि मग, "गरोदर असताना राहत कुठं होता?"

"शिरवळच्या फुडं. टायरच्या भट्टीवर. माझा भाऊ हाय तिथं."

मॅडमचा हात थांबला. "ती ओढ्याच्या कडेची? निळं फाटक आहे ती?"

"व्हय."

"खोलीत राहत होता? भट्टीच्या आवारात?"

"भट्टीच्या मागंच. सगळं गरवारपण तिथंच काढलं."

मॅडम राणीच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मध्येमध्ये थांबून, कळलं का, असं विचारत राहिल्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या मदतीनं. काही रसायनं पेशीला जागं करतात, काही शांत करतात. बाळ पोटात असतं तेव्हाच या दोन्हींचा मेळ बसत जातो आणि त्याच्यावर मेंदूची पुढची बांधणी होते. रबर जळतं, तेल जळतं, त्या धुरात डोळ्याला न दिसणारे कण असतात. ते आईच्या छातीतून रक्तात उतरतात. काही तर थेट बाळाला पोसणाऱ्या वारेपर्यंत पोचतात. जे पोचत नाहीत, ते आईच्या अंगात दाह उठवतात आणि त्याची झळ बाळाला लागते. मग तो मेळ बसताना बिघडू शकतो.

"म्हंजे मायाचं त्यानं झालं?"

"ते मी सांगू शकत नाही, राणीताई," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? धुरात राहिलेल्या पुष्कळ आया आणि लांब राहिलेल्या पुष्कळ आया, अशा दोन्हींकडची मुलं बघितली तर फरक दिसतो. पण एकट्या मायाकडं बोट दाखवून, हे धुरानंच झालं असं म्हणता येईल अशी तपासणी माझ्याकडं नाही. आणखीही कारणं असतात. एवढं मात्र सांगते, तुम्ही मोबाईल बघितलात म्हणून हे झालेलं नाही. आणि ग्रहणानं तर नाहीच नाही."

राणी तिथंच हुंदके देऊन रडली. किती दिवसांचं ते ओझं, कुणीतरी हातानं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. मायानं वळून आईकडं बघितलं आणि परत डबा पाडला.

ती सावरल्यावर मॅडम म्हणाल्या, "मला एकाच गोष्टीचं नवल वाटतं. तेव्हा आम्ही अशा गरोदर बायकांचीच पाहणी करत होतो. खांद्याला लावायला एक पिशवी द्यायचो, तिच्यात हवा मोजायचं यंत्र असायचं. जिथं हवा फार वाईट निघायची, तिथल्या बाईला बाळंतपणापर्यंत दुसरीकडं राहायला सांगायचो, घरच्यांना समजावायचो. त्या निळ्या फाटकाशी मी स्वतः आले होते. तिथला माणूस म्हणाला, इथं बाई कुणीच राहत नाही."

राणीच्या कानात पिठाच्या खोलीबाहेरचा तो हसरा आवाज आला. समोरचाच आवाज तो.

तिनं मायाला उचललं आणि निरोप घेतला. परतीच्या बसमध्ये तिनं दादाची बाजू एकेक करून मांडली. त्याला कामगार खात्याचीच माणसं वाटली असतील. गाडी बघून घाबरला असेल. मॅडम काय विचारतात ते त्याला कळलं नसेल. शिरवळ येईपर्यंत तिनं त्याला पुरता निर्दोष सोडवला होता.

चैत्रात वस्तीवर बिरोबाची जत्रा भरली. सगळं घर जमलं. दुपारी बायका अंगणात पुरणपोळ्यांना बसल्या होत्या. चुलतभाऊ भाऊसो याला अर्जुनानं भट्टीवर काम लावून दिलं होतं आणि आता तो बायकोला, वैजंताला, मेस सांभाळायला बरोबर नेणार होता. वैजंता पोरसवदा, तिला नुकतेच दिवस गेलेले. ती लाजत लाजत सांगत होती की जत्रा झाली की निघायचं.

सोनिया पुरण वाटत होती. ती एकदम म्हणाली, "नगं गं बाई. असल्या दिवसांत तिथं नगंच. मला ह्यांनी तिसऱ्यातच पलूसला आणून सोडलं हुतं."

"तुमची आय आजारी हुती म्हणून न्हवं?" राणीनं विचारलं.

"कुठली आय आजारी! ती तवा शेतात भांगलत हुती." सोनिया हसली. नवऱ्याचं कौतुक सांगायला मिळालं म्हणून तिचा चेहरा फुलला होता. "कारखान्यात तपासणीला एक डॉक्टर यायचे. ह्यांनी त्येंना इचारलं, बायको गरवार हाय, हितं ठिवू का? डॉक्टर म्हणाले, आजच्या आज हलीव, ह्यो धूर बाळाच्या मेंदूला धरतोय. संध्याकाळच्याला मी पलूसात. मला म्हणाले, कुणाला सांगू नगंस, न्हाईतर एकबी बाई मेसला ऱ्हायची न्हाई."

बोलता बोलता तिचं लक्ष राणीकडं गेलं. पाटा-वरवंटा थांबला.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं तुमाला सांगितलं असंल त्येंनी. मला वाटलं तुमीच न्हाई म्हणाला असाल, पैशाची नड हाय म्हणून. शपथ घेऊन सांगते."

राणीनं हातातली पोळी तव्यावर टाकली. ती फुगली, करपली, तिचा काळा धूर निघाला, तरी तिला उलटायचं सुचलं नाही. मग ती उठली, वैजंताच्या पुढ्यात जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू जायचं न्हाईस. भाऊसोला माझं नाव सांग. तू आयकडं जा."

धोंडुबाई घरात निवद भरत होती. राणी आत गेली, दार लोटलं.

"आय, दादाला ठावं हुतं. वैनीला पलूसला धाडलं आन् मला ठिवलं."

धोंडुबाईनं विचारलं नाही, की काय ठाऊक होतं, कशाचं. ती निवदाच्या ताटात भाताची मूद नीट करत राहिली. तेवढ्यावरून राणीला कळलं.

"तुलाबी ठावं हुतं?"

"मागनं कळलं," धोंडुबाई म्हणाली. "तुला सातवा लागला तवा. तो म्हणाला, आता काय उरलंय, थोडंच दिवस ऱ्हायल्यात."

"आन् तू गप बसलीस."

"राणे, सोनिया परक्याची लेक. तिला काय झालं असतं तर पलूसवाले दारात यून उभे ऱ्हायले असते. काय तोंड दाखवलं असतं आमी? तू घरचीच हुतीस. तू समजून घेतलं असतंस."

"म्हंजे माझ्यासाठी दारात कोण आलं नसतं."

धोंडुबाईनं डोळ्याला पदर लावला. राणीला एरवी आईचं रडणं बघवायचं नाही. त्या दिवशी तिनं ते उभ्या उभ्या बघितलं. दादानं तिला परकं मानलं असतं तर तिला त्याचा राग तरी धरता आला असता. पण तिला आपलं मानलं होतं आणि आपलं मानलं म्हणूनच धुरात ठेवलं होतं. या गोष्टीला कुठून धरावं, हेच तिला कळेना.

जत्रेत अर्जुना ढोल वाजवत होता, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. राणी त्याच्याशी काहीच न बोलता मायाला घेऊन निघाली.

अमृतला तिनं शिरवळला गेल्यावर सांगितलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, याची राणीला खात्री होती. पण मग तो म्हणाला, "झालं ते झालं. टेम्पोची नोकरी त्येंच्या हातातली हाय. आत्ताच वाकडं घेऊन काय करायचं?"

"तुमी घेऊ नगासा," राणी म्हणाली. "मी घेते."

वैजंता गेली नाही, भाऊसो एकटाच गेला. राणीला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण पुढच्याच महिन्यात अमृत जेवताना म्हणाला, "मेसला बाई मिळाली. बिहारकडची हाय. नवरा भट्टीवरच हाय." मग जरा थांबून, तिच्याकडं न बघता, "पोट दिसतंय तिचं."

दुसऱ्या दिवशी राणीनं ट्रंकेतला मोबाईल काढला, चार्ज केला आणि क्षमा मॅडमना फोन लावला.

पाहणीची गाडी गेली तेव्हा राणी मागच्या सीटवर बसली होती. निळ्या फाटकाशी अर्जुनाच आला. मॅडमनी खाली उतरून नमस्कार केला. "इथं कुणी महिला राहतात का?"

"न्हाई मॅडम," अर्जुना म्हणाला. "समदे गडीच हायत."

राणीनं गाडीचं दार उघडलं. "तवाबी तू ह्येच सांगितलंस, दादा. आन् मी पिठाच्या पोत्यामागं बसले हुते."

अर्जुनानं आधी मॅडमकडं बघितलं, मग मागं भट्टीकडं, आणि मग राणीकडं. "घरातलं भांडण चारचौघांत कशाला आणतीस?" एवढंच तो दबक्या आवाजात म्हणाला. राणी त्याच्या बाजूनं आत गेली. पिठाची खोली बाहेरून कडी घातलेली होती. तिनं कडी काढली. आत ती पोरगी बसली होती, डोक्यावरून पदर ओढलेला, तोंडावर बोट ठेवून. राणीला बघून तिनं घाबरून मान हलवली, जणू सांगत होती, बोलू नका, साहेबांची नोकरी जाईल.

राणीला हिंदी नीट येत नव्हतं. तिनं नुसता हात पुढं केला.

त्या पोरीला मॅडमच्या लोकांनी गावात खोली बघून दिली, तिचा नवरा कुरकुरत का होईना तिकडं राहायला गेला. तक्रार वरपर्यंत गेली. तपासणीवाले आले, गेले, परत आले. शेवटी खोल्या तिथून हलवून हायवेच्या पलीकडं नेल्या. भट्टी मात्र चालूच राहिली आणि अर्जुनाही तिथंच राहिला. अमृतला दोन आठवड्यांत काढून टाकलं. तो महिनाभर घरी बसला, एकदोनदा राणीवर चिडलाही, मग वाईत एका शाळेची बस त्याला मिळाली. सगळं बिऱ्हाड वाईला आलं. माया आता दवाखान्यात आठवड्यातून तीनदा जाते.

पावसाळा संपता संपता अर्जुना वाईला आला. भरदुपारी, सुट्टी काढून. राणी मायाला घेऊन घाटावर बसली होती. मायाला कृष्णेच्या पाण्याकडं बघत बसायला आवडतं. पायऱ्यांवर एका बाजूला कुणाची तरी पूजा चालली होती. अर्जुना दोन पायऱ्या खाली बसला. त्याचे केस बरेच पिकले होते.

"मला वाटलं न्हवतं एवढं हुईल," तो म्हणाला. "डॉक्टर लोक सांगत्यातच काय ना काय. समद्यांच्याच पोरांना कुठं झालं?"

"मग वैनीला का न्हेलंस?"

अर्जुना पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडू लागला.

"दादा, मला एकच सांग. मॅडम आल्या त्या दिवशी मला आत बसवून दार लावलंस, तवा तुझ्या मनात काय आलं हुतं?"

अर्जुनानं बराच वेळ विचार केला. खोटं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं, हे तिला दिसत होतं. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता.

"काय न्हाई गं," शेवटी तो म्हणाला. "दुपारचं जेवण हुयाचं हुतं. पाळी बदलायची येळ झाली हुती. ह्या गेल्या की तू भाकरी टाकायला लागशील, एवढंच."

राणीनं मान हलवली. काही कट असता, काही मोठा हिशेब असता, तर तिला तो सोसला असता. तिचा विचारच त्याच्या मनात आला नव्हता.

तो उठला. जाताना त्यानं मायाच्या डोक्यावर हात ठेवला. राणीनं तो झटकला नाही, पण घरी चल, असंही म्हणाली नाही. बसस्टँडकडं जाणाऱ्या बोळात तो वळेपर्यंत तिनं बघितलं आणि मग बघणं सोडलं.

वस्तीवर ती अजून जाते. आईचं वय झालं आहे. पण अर्जुना येणार असेल तर आधीच निघते. सोनिया अधूनमधून फोन करते, मायाचं विचारते, आणि मग दोघी फोन कानाला लावून गप्प राहतात. मायाला आता सात-आठ शब्द येतात. पाणी म्हणते, बस म्हणते, नको तर फारच स्पष्ट म्हणते. क्षमा मॅडम सांगतात, आणखी येतील, किती ते आत्ता सांगता येत नाही. राणीला हे उत्तर आवडतं. ज्याला माहीत नाही त्यानं माहीत नाही म्हणावं, एवढीच आता तिची माणसांकडून अपेक्षा आहे.